यकृत-कर्कार्बुदाचा दूरप्रसार आणि त्याच्या अभ्यासासाठी घडविलेले पेशीवंश

यकृतातील कर्कार्बुद शस्त्रक्रियेने समूळ काढून टाकले, तरी रोग्याचे भवितव्य त्या दिवशी निश्चित होत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांत पाच वर्षांच्या आत रोग पुन्हा उद्भवतो. कधी तो उरलेल्या यकृतात दिसतो, तर कधी फुफ्फुसांत. जगात २०२० या एका वर्षी या रोगाचे सुमारे नऊ लक्ष नवे रोगी आढळले व सुमारे सव्वाआठ लक्ष मृत्युमुखी पडले. नव्या रोग्यांची संख्या व मृत्युसंख्या एकमेकींच्या इतक्या जवळ असावीत, यावरूनच रोगाच्या भीषणतेची कल्पना येते. या मृत्यूंना मूळ अर्बुदाइतकाच, किंबहुना पुष्कळदा त्याहून अधिक, त्याचा प्रसार कारणीभूत असतो.

तथापि प्रसाराचा अभ्यास मूळ अर्बुदाच्या अभ्यासाइतका सुकर नाही. अर्बुद हाती लागते, त्याचे छेद घेता येतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते तपासता येते. प्रसार ही घटना मात्र शरीरात दृष्टीआड घडते. पेशी मूळ स्थानापासून सुटतात, रक्तवाहिनीत शिरतात, प्रवाहात टिकून राहतात, दूरच्या अवयवात बाहेर पडतात व तेथे वाढू लागतात. या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर कोणता घटक निर्णायक ठरतो, हे जाणावयाचे असेल तर ती घटना प्रयोगशाळेत पुनःपुन्हा व इच्छेनुसार घडवून आणता आली पाहिजे. त्यासाठी विशिष्ट गुणांच्या पेशींची अखंड चालणारी संतती, म्हणजे पेशीवंश, आवश्यक असतो. असा वंश कसा घडविला जातो व त्याच्यावर विश्वास कितपत ठेवावा, याचे विवेचन शांघाय येथील एका कार्याच्या आधारे पुढे केले आहे.

प्रश्नाचे स्वरूप

कर्करोगाच्या प्रसाराविषयीचा मूलभूत विचार १८८९ मध्ये इंग्लंडमधील शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनी मांडला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या शवपरीक्षणांची नोंद पाहून त्यांनी असे दाखविले की, दुय्यम अर्बुदे वाटेल त्या अवयवात सारख्या प्रमाणात होत नाहीत. बीज सर्व दिशांना पसरले तरी ते अनुकूल भूमीतच रुजते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. यातून दोन प्रश्न निघतात. पहिला बीजासंबंधी: एकाच अर्बुदातील सर्व पेशी सारख्याच प्रसारक्षम असतात काय? दुसरा भूमीसंबंधी: ज्या अवयवात पेशी वाढत आहे त्या अवयवाचा तिच्या वर्तनावर परिणाम होतो काय?

पहिल्या प्रश्नाचे प्रायोगिक उत्तर मिळण्यास सुमारे नव्वद वर्षे लागली. १९७३ मध्ये अमेरिकेतील आयझाया फिडलर यांनी बी-१६ या उंदराच्या कृष्णार्बुदाच्या पेशी उंदरांच्या शिरेत टोचल्या. फुफ्फुसांत जी अर्बुदे उत्पन्न झाली त्यांतील पेशी काढून वाढविल्या व त्या पुन्हा नव्या उंदरांत टोचल्या. हीच क्रिया पुनःपुन्हा केल्यावर मूळ पेशींपेक्षा फुफ्फुसांत कितीतरी अधिक अर्बुदे निर्माण करणारा वंश मिळाला. यावर असा आक्षेप शक्य होता की, ही क्षमता फुफ्फुसात राहिल्यामुळे पेशींच्या अंगी आली असेल. १९७७ मध्ये फिडलर व मार्गारेट क्रिप्के यांनी मूळ अर्बुदातूनच एकेका पेशीपासून स्वतंत्र संतती वाढविल्या. कोणतीही पूर्वनिवड केलेली नसताही या संततींच्या प्रसारक्षमतेत मोठी तफावत आढळली. यावरून मूळ अर्बुदात कमीअधिक प्रसारक्षम पेशी आरंभापासूनच मिसळलेल्या असतात, हे सिद्ध झाले. प्रसारक्षम पेशी नव्याने निर्माण करावयाच्या नसून मिश्रणातून वेगळ्या काढावयाच्या आहेत, हा पुढील सर्व कार्याचा पाया या प्रयोगाने घातला.

परंतु हे सारे उंदराच्या पेशींवर झाले होते. मानवी पेशी अन्य प्राण्याच्या शरीरात टोचल्यास त्या प्राण्याची प्रतिकारशक्ती त्यांचा नाश करते. ही अडचण निर्लोम उंदरामुळे दूर झाली. या उंदरांचे वर्णन १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या ठिकाणी थायमस ग्रंथीचा अभाव असतो, हे १९६८ मध्ये कळून आले. आणि १९६९ मध्ये डेन्मार्कमधील रायगार्ड व पोव्हल्सेन यांनी अशा उंदरात मानवी अर्बुद वाढवून दाखविले. थायमसच्या अभावी टी-पेशींची वाढ होत नाही, म्हणून परक्या ऊतीचा अव्हेर होत नाही. मात्र एक वैगुण्य राहिले. उंदराच्या त्वचेखाली टोचलेले मानवी अर्बुद मोठे होई, परंतु ते क्वचितच अन्यत्र पसरे. येथे पॅजेट यांचा दुसरा प्रश्न पुढे येतो. यकृताच्या पेशीला त्वचेखालची भूमी परकी होती.

शांघाय येथील कार्य

शांघायमधील झोंगशान रुग्णालयाच्या यकृत-कर्करोग संस्थेत तांग झाओयू व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात रक्तातील आल्फा-फीटोप्रोटीनच्या तपासणीने लहान अर्बुदे लवकर ओळखून ती काढून टाकण्याचे कार्य केले होते. जगातील यकृत-कर्करोगाच्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे रोगी चीनमध्ये आढळतात. तेव्हा या कार्याचे महत्त्व स्पष्ट आहे. तथापि अर्बुद लहान असताना काढले तरी पुष्कळ रोग्यांत ते परत येते, हा अनुभव त्यांना आला, आणि त्यामुळे त्यांचे लक्ष प्रसाराकडे वळले.

त्यांची पद्धती अशी होती. शस्त्रक्रियेत काढलेल्या तीस अर्बुदांचे नमुने त्यांनी घेतले. नमुन्यातील पेशी सुट्या न करता ऊतीचा अखंड तुकडा निर्लोम उंदराच्या यकृतातच बसविला. याला स्वस्थानीय रोपण म्हणता येईल. ऊती अखंड ठेवल्यामुळे पेशींचे परस्परसंबंध मोडत नाहीत व यकृतात रोपण केल्यामुळे त्यांना स्वाभाविक भूमी मिळते. तीस नमुन्यांपैकी एकापासून मिळालेल्या अर्बुदाने मनुष्यात आढळणाऱ्या प्रसाराचे जवळजवळ सर्व प्रकार उंदरात दाखविले. ते यकृतात भोवताली पसरले, जवळच्या लसिका-ग्रंथींत गेले, उदरपोकळीच्या अस्तरावर रुजले व फुफ्फुसांतही पोहोचले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अर्बुदास 'एलसीआय-डी२०' हे नाव देण्यात आले. त्याबरोबरच अल्प प्रसार करणारे 'एलसीआय-डी३५' हे अर्बुदही तुलनेसाठी राखण्यात आले.

उंदरातून उंदरात नेले जाणारे अर्बुद जिवंत ठेवता येते, परंतु त्याच्यावर सूक्ष्म प्रयोग करणे कठीण असते. त्यात मानवी पेशींबरोबर उंदराच्या संयोजी ऊतीच्या पेशी व रक्तवाहिन्या मिसळलेल्या असतात. म्हणून पुढची पायरी काचपात्रातील संवर्धनाची. अर्बुदाचे बारीक तुकडे करून ते पोषक द्रवात, वासराच्या गर्भरक्तातील लसासह ठेवतात. आरंभी तंतुपेशी वेगाने वाढतात व कर्कपेशींची जागा व्यापतात. दोन्ही प्रकारच्या पेशी पात्राच्या तळाला चिकटतात, परंतु ट्रिप्सिनच्या क्रियेने तंतुपेशी आधी सुटतात. या भेदाचा उपयोग करून त्या हळूहळू काढून टाकाव्या लागतात. अनेक उपसंवर्धनांनंतरही पेशी एकसारख्या वाढत राहिल्या, त्यांचे गुणसूत्र मानवी आहेत असे ठरले व उंदरात परत रोपण केल्यावर त्यांनी मूळ अर्बुदासारखेच वर्तन केले, म्हणजे वंश प्रस्थापित झाला असे मानतात. 'एलसीआय-डी२०' पासून असा वंश १९९९ मध्ये जाहीर झाला. त्याचे नाव 'एमएचसीसी-९७'. तो आल्फा-फीटोप्रोटीन निर्माण करतो, आणि त्याच्या जनुकद्रव्यात यकृतशोथ-ब विषाणूचे डीएनए समाविष्ट झालेले आहे. चीनमधील बहुसंख्य रोग्यांत रोगाचे मूळ याच विषाणूत असल्यामुळे ही गोष्ट महत्त्वाची आहे.

जोडवंशाचे महत्त्व

येथवर एक प्रसारक्षम वंश हाती आला. परंतु केवळ तेवढ्याने प्रसाराचे कारण कळत नाही. समजा, या वंशात एखादे प्रथिन विपुल आढळले. ते प्रसारास कारण आहे की त्या विशिष्ट रोग्याच्या पेशींचा तो एक निरुपद्रवी विशेष आहे, हे कसे ठरवावे? दुसऱ्या रोग्यापासून मिळालेल्या, न पसरणाऱ्या वंशाशी तुलना केली, तर दोन व्यक्तींच्या आनुवंशिक घडणीतील सहस्रावधी भेद मध्ये येतात. योग्य तुलना म्हणजे दोन सहोदरांची, ज्यांचे मूळ एक असून प्रसारक्षमता मात्र भिन्न आहे.

अशी जोडी मिळविण्यासाठी तांग यांच्या गटाने फिडलर-क्रिप्के यांच्या तत्त्वाचा अवलंब केला. 'एमएचसीसी-९७' मधील एकेका पेशीपासून संतती वाढवून त्यांची उंदरात परीक्षा केली, आणि २००१ मध्ये दोन वंश प्रसिद्ध केले: अधिक प्रसार करणारा 'एमएचसीसी-९७-एच' व कमी प्रसार करणारा 'एमएचसीसी-९७-एल'. सोयीसाठी पुढे त्यांना एच व एल म्हटले आहे. स्वस्थानीय रोपणानंतर एच वंशाचा फुफ्फुसांतील प्रसार दहापैकी दहा उंदरांत आढळला. एल वंशाचा दहापैकी चार उंदरांत. पाच आठवड्यांनंतर उंदरांच्या रक्तलसातील आल्फा-फीटोप्रोटीनचे सरासरी प्रमाण एचच्या बाबतीत लिटरला २४६ मायक्रोग्रॅम, तर एलच्या बाबतीत ९१ मायक्रोग्रॅम होते. एच पेशींचा सरासरी व्यास ४३ मायक्रॉन व एल पेशींचा ५० मायक्रॉन भरला.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. एच पेशींची संख्या ३४.२ तासांत दुप्पट होते. एल पेशींना त्याकरिता ६० तास लागतात. म्हणजे दोन्ही वंशांत केवळ प्रसारक्षमतेचाच भेद नाही, वाढीच्या वेगाचाही आहे. जे अर्बुद लवकर मोठे होते ते त्याच कालावधीत अधिक पेशी रक्तात सोडणार, हे उघड आहे. आल्फा-फीटोप्रोटीनमधील तफावतही अंशतः अर्बुदाच्या आकारमानाचीच द्योतक असू शकते. मग एचचा अधिक प्रसार हा केवळ जलद वाढीचा परिणाम कशावरून नव्हे? या शंकेस काही अंशी उत्तर देणारा प्रयोग त्याच अभ्यासात आहे. बॉयडेन-पात्रात कृत्रिम तलपटल ताणून बसविलेले असते व ते भेदून पलीकडे गेलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. दर दृष्टिक्षेत्रात एचच्या सरासरी ३७.५ पेशी पलीकडे गेल्या, तर एलच्या १७.७. या परीक्षेत अर्बुदाच्या आकारमानाला स्थान नाही. तेव्हा भेदनक्षमतेत खरा फरक आहे, असा निष्कर्ष काढण्यास आधार मिळतो. तरीही या जोडीवर काम करणाऱ्या संशोधकाने वाढीच्या वेगाचा हिशेब प्रत्येक प्रयोगात वेगळा मांडला पाहिजे.

यानंतर एच वंशाच्या पेशी पुन्हा उंदरांत वाढवून, फुफ्फुसांत उत्पन्न झालेल्या अर्बुदांतील पेशी वेगळ्या काढून, फिडलर यांच्या १९७३ च्या रीतीने 'एचसीसीएलएम-३' हा वंश मिळविण्यात आला. त्वचेखाली, म्हणजे परक्या भूमीत, रोपण केले तरी तो फुफ्फुसांत पसरतो. अशा रीतीने एकाच रोग्याच्या अर्बुदापासून प्रसारक्षमतेच्या चढत्या पायऱ्यांची मालिका तयार झाली.

प्रयोगशाळेतून रुग्णशय्येकडे

या नमुन्यांचा उपयोग दोन दिशांनी झाला. पहिली दिशा कारणशोधाची. २००३ मध्ये तांग यांचा गट व अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे संशोधक यांनी मिळून यकृतातच पसरलेल्या व न पसरलेल्या मानवी अर्बुदांतील जनुकांच्या अभिव्यक्तीची तुलना केली. पसरलेले मूळ अर्बुद व त्याचीच दुय्यम अर्बुदे यांच्यात फारच साम्य आढळले. म्हणजे प्रसाराची सिद्धता मूळ अर्बुदातच झालेली असते. उंदरांच्या पेशींविषयी १९७७ मध्ये निघालेल्या निष्कर्षाशी मानवी अर्बुदांतील हा निष्कर्ष सुसंगत आहे. प्रसाराशी निगडित जनुकांत ऑस्टिओपाँटिन या प्रथिनाचे जनुक अग्रभागी होते, आणि त्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडाने पेशींची भेदनक्षमता व निर्लोम उंदरांच्या फुफ्फुसांतील प्रसार ही दोन्ही कमी झाली. केवळ सहसंबंध दाखवून न थांबता तो प्रयोगाने पारखता आला, ही प्रसारक्षम वंशांची खरी देणगी होय.

दुसरी दिशा उपचाराची. 'एलसीआय-डी२०' धारण करणाऱ्या उंदरांत मोठ्या मात्रेने व दीर्घकाळ इंटरफेरॉन-आल्फा दिल्यास अर्बुदाची वाढ व शस्त्रक्रियेनंतरचा पुनरुद्भव या दोहोंना आळा बसतो, असे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून शांघायमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या २३६ रोग्यांवर यादृच्छिक पद्धतीने चाचणी घेण्यात आली. २००६ मधील तिच्या निष्कर्षानुसार इंटरफेरॉन घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ६३.८ महिने व न घेणाऱ्यांचे ३८.८ महिने होते. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तैवानमधील २६८ रोग्यांच्या चाचणीत पुनरुद्भव टळत असल्याचे दिसले नाही. उंदरातील उत्तर मनुष्याला जसेच्या तसे लागू पडत नाही, याची जाणीव हे दोन आकडे एकत्र वाचताना होते. त्याची कारणेही शोधण्यासारखी आहेत. निर्लोम उंदरात टी-पेशी नाहीत. त्याचे यकृत निरोगी असते. मनुष्याचे कर्कार्बुद मात्र बहुधा यकृतकाठिण्य झालेल्या अवयवात उद्भवते. शिवाय सारी मालिका एका रोग्याच्या पेशींची आहे, आणि रोग एकाच प्रकारचा नसतो.

वंशाची ओळख

येथवर जे सांगितले त्या सर्वाचा आधार एका गृहीतावर आहे. पात्रावरील चिठ्ठीवर जे नाव आहे त्याच पेशी पात्रात आहेत, हे ते गृहीत. ते नेहमीच खरे असते असे नाही, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण यकृत-कर्करोगाच्या क्षेत्रातच सापडते.

१९५१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्कार्बुदापासून हेला हा वंश प्रस्थापित झाला. या पेशी इतक्या जोमाने वाढतात की, त्यांचा एखादा थेंब दुसऱ्या संवर्धनात पडला तरी थोड्याच उपसंवर्धनांत मूळ पेशी नामशेष होतात व नाव मात्र जुनेच राहते. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी एका विकराच्या प्रकारावरून असे दाखविले की, निरनिराळ्या नावांनी चाललेले अठरा मानवी पेशीवंश बहुधा हेलाच असावेत. पुढे शांघायमध्ये १९७४ व १९७७ मध्ये अनुक्रमे 'बीईएल-७४०२' व 'एसएमएमसी-७७२१' हे दोन वंश यकृत-कर्करोगाचे म्हणून प्रसिद्ध झाले व चीनमधील असंख्य प्रयोगांत वापरले गेले. डीएनएच्या परीक्षेत ते दोन्ही हेला ठरले. 'एल-०२' हा वंश निरोगी यकृतपेशींचा म्हणून तुलनेसाठी वापरला जाई. तोही हेलाच निघाला. याचा परिणाम असा की, ज्या ज्या निबंधांत 'एसएमएमसी-७७२१' मध्ये आढळलेला गुण 'एल-०२' मध्ये नाही म्हणून तो यकृत-कर्काचा विशेष मानला गेला, तेथे वस्तुतः गर्भाशयमुखाच्या कर्कपेशींची गर्भाशयमुखाच्या कर्कपेशींशीच तुलना झाली होती. २०१५ मध्ये चीनमधील ११३ ठिकाणांहून आणलेल्या ३८० नमुन्यांची परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यांपैकी चतुर्थांश नमुने नावाप्रमाणे नव्हते.

दोष केवळ हेलाचा अथवा एका देशाचा आहे असेही नाही. सर्व जगात यकृतपेशींचे प्रातिनिधिक म्हणून वापरले जाणारे 'हेप-जी२' हे बालकांत आढळणाऱ्या यकृतकोरकार्बुदाचे आहे, असे २००९ मध्ये मूळ ऊतीची फेरतपासणी करून दाखविण्यात आले. 'एसके-हेप-१' या वंशाच्या पेशी यकृतपेशी नसून रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराच्या आहेत, हे १९९२ मध्येच दिसून आले होते. येथे पेशी बदललेल्या नाहीत. पहिल्या दिवशी दिलेले नावच चुकीचे होते.

यावर उपाय आहे व तो अवघड नाही. मानवी जनुकद्रव्यात काही आखूड अनुक्रम पुनःपुन्हा येतात व त्यांच्या आवृत्तींची संख्या व्यक्तीगणिक भिन्न असते. अशा काही स्थानांवरील संख्यांवरून पेशींचा आनुवंशिक ठसा मिळतो व तो मूळ ठशाशी ताडून पाहता येतो. चुकीच्या नावाने चालणाऱ्या वंशांची आंतरराष्ट्रीय सूची सर्वांना उपलब्ध आहे. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेत राष्ट्रीय पेशीभांडार असल्यामुळे महाराष्ट्रातील संशोधकांना प्रमाणित पेशी मिळविणे दुष्कर नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतून स्नेहभावाने मागून आणलेले पात्र स्वस्त पडते खरे. परंतु त्यावर खर्ची पडणारी तीन वर्षे स्वस्त नसतात. प्रयोगाच्या आरंभी, मध्ये ठराविक काळाने व निबंध पाठविण्यापूर्वी ठसा तपासणे, उपसंवर्धनांची संख्या नोंदणे, व आरंभीच्या पेशींचा साठा द्रव नायट्रोजनमध्ये राखून ठेवणे, हे नियम पाळल्यास बहुतेक अनर्थ टळतात.

उपसंहार

शांघायच्या इतिहासात या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र आढळतात. एकाच नगरात चुकीच्या नावाचे वंश दशकानुदशके चालले, आणि त्याच नगरात तीस अर्बुदांतून एक निवडून, त्याचे मूळ व वर्तन पायरीपायरीने पारखून, प्रसाराच्या अभ्यासाला उपयुक्त अशी मालिका सिद्ध झाली. दोहोंतील भेद बुद्धीचा अथवा साधनांचा नव्हता. एकीकडे पेशींची ओळख गृहीत धरली गेली, दुसरीकडे प्रत्येक टप्प्यावर तिचा पुरावा मागितला गेला.

पेशीवंश हे एक उपकरण आहे. तराजू वापरण्यापूर्वी तो पारखून घ्यावा हे ज्यास पटते, त्यास पेशींच्या बाबतीत वेगळा नियम लावण्याचे कारण नाही. या तराजूच्या एका पारड्यात प्रसाराविषयीचा सिद्धांत असतो. दुसऱ्यात शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेला आणि रोग परतेल की नाही या चिंतेत असलेला रोगी.